दुकानात चेस्टनट, रानात नाही

मैत्रिणींनो, उपवासाला आपण शिंगाड्याचं पीठ आणतो ना, त्या पाकिटावर बारीक अक्षरात 'वॉटर चेस्टनट' असं छापलेलं असतं. आता पाण्यातला चेस्टनट म्हणजे शिंगाडा, तर मग जमिनीवरचा चेस्टनट कोणता? इतकी वर्षं ते पीठ भिजवलं, थालीपीठं लावली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर मिळालं ते पार अमेरिकेत, धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेले तेव्हा. आईचे गुडघे प्रवासाला नाही म्हणाले, म्हणून डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन मला जावं लागलं. पेनसिल्व्हानिया राज्यात एका लहानशा गावात ती राहते.

ऑक्टोबर महिना होता. भाजीपाल्याच्या दुकानात एका टोपलीत चकचकीत तपकिरी फळं दिसली. रंग थेट चिंचोक्याचा, आकार लहान लिंबाएवढा, एक बाजू चपटी आणि टोकाला बारीकशी शेंडी. बहीण म्हणाली, "ताई, हेच चेस्टनट. दिवाळीच्या सुमारासच येतात. आमच्या मराठी मंडळातल्या बायका याची बर्फी करतात." पाटीवर भाव पाहिला, पाउंडाला सात डॉलर! पाउंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मी मनातल्या मनात रुपये करून टोपलीपासून दोन पावलं मागे सरले.

पण भावापेक्षा मला त्याच्याखालची ओळ लागली. माल इटलीचा. पुढच्या आठवड्यात कोरियन वस्तूंच्या दुकानात गेलो, तिथे माल कोरियाचा. चिनी दुकानात चीनचा. आणि बाहेर बघावं तर डोंगरच्या डोंगर झाडांनी भरलेले. या राज्याच्या नावातच जंगल आहे. मग चेस्टनट सातासमुद्रापलीकडून का यावेत?

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. पंच्याहत्तरी ओलांडली असेल, पण हात सतत मातीत. आम्ही त्यांना आजी म्हणायला लागलो आणि तो शब्द त्यांना आवडलाही. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, त्यांचं डोंगरी वळणाचं. मध्ये बहीण होती म्हणून आमचं जमलं. मी त्यांना हाच प्रश्न विचारला. त्या काही बोलल्या नाहीत, गमबूट घाला म्हणाल्या आणि घरामागच्या रानात घेऊन गेल्या. एका ठिकाणी मनगटाएवढ्या जाडीची चार-पाच झुडपं एकाच बुंध्यातून उगवलेली होती. लांबट पानं, कडेला करवतीसारखे दाते, थंडीने पिवळी पडलेली. "हे अमेरिकेचं चेस्टनट," त्या म्हणाल्या. "याचं मूळ माझ्यापेक्षा म्हातारं आहे. वरचं खोड मात्र दर काही वर्षांनी मरतं."

त्यानंतर महिनाभर आजींकडून ऐकलं, त्यांनी दिलेली पुस्तकं बहिणीच्या मदतीने वाचली. बाळ झोपलं की आमचा हाच उद्योग.

अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलेशियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या जंगलात चेस्टनटची मिळून सुमारे तीनशे ते चारशे कोटी झाडं होती असा अंदाज आहे. कोटी! काही डोंगरांवर तर दर चार झाडांत एक चेस्टनटचं. शंभर फूट उंच वाढणारं झाड. ते फुलायचं उशिरा, जून-जुलैत, त्यामुळे फुलोरा थंडीच्या कडाक्यात सापडायचा नाही. ओकसारख्या झाडांना एक वर्ष भरपूर फळ, दुसऱ्या वर्षी काहीच नाही, असं होतं. चेस्टनट मात्र दरवर्षी भरवशाचं. अस्वलं, खारी, रानटी टर्की यांची थंडीची बेगमी त्याच्यावर. आणि माणसांचीही.

लाकूड हलकं, सरळ चिरणारं आणि सहजी न कुजणारं. घरं, कुंपणं, टेलिग्राफचे खांब, रेल्वेचे स्लीपर, सगळं त्याचंच. सालीतून आणि लाकडातून कातडी कमावायचं टॅनिन निघायचं. बाळाचा पाळणा चेस्टनटचा आणि म्हाताऱ्याची शवपेटीही चेस्टनटची, असं तिथे म्हणतात. तिथले मूळचे चेरोकी लोक चेस्टनट कुटून मक्याच्या पिठात मिसळतात आणि मक्याच्या पानात गुंडाळून उकडतात. वाचताना मला आपले पानात उकडलेले पानगे आठवले.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती वेचणाऱ्या बायका-मुलांची गोष्ट. आजींची आजी व्हर्जिनियाच्या डोंगरात वाढली. तिच्या लहानपणी ऑक्टोबरात चेस्टनटची काटेरी बोंडं उकलायची आणि फळं खाली पडायची. डुकरं उठायच्या आत पोहोचायचं, म्हणून पोरं अंधारातच पोती घेऊन निघायची. आपल्याकडे मोहफुलं वेचायला बायका पहाटे जातात तशीच. दिवसभर वेचायचं, संध्याकाळी गावच्या दुकानात मापून घालायचं. त्याच्या बदल्यात साखर, कॉफी, कापड. आजींच्या आजीने शाळेचे पहिले बूट चेस्टनट घालून घेतले होते. दुकानदार ती पोती रेल्वेने न्यू यॉर्क, फिलाडेल्फियाला पाठवायचा आणि तिथे रस्त्यावर गरमागरम भाजून विकली जायची. डोंगरात शेती बेताची, रोख पैसा दुर्मीळ. वर्षातून एकदा हातात खुळखुळणारा हा पैसा होता, तोही बिनभांडवलाचा. डुकरंसुद्धा चेस्टनट खाऊनच पोसायची. म्हणजे मांसही फुकटचं.

हे सगळं चाळीस-पन्नास वर्षांत संपलं.

१९०४ साली न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातली चेस्टनटची झाडं वाळू लागली, हे तिथल्या वनाधिकाऱ्याच्या, हरमन मर्केल यांच्या लक्षात आलं. ती एक बुरशी होती. आशियातून आलेली. अमेरिकेतल्या रोपवाटिका १८७६ पासून जपानी चेस्टनटची रोपं मागवत होत्या. बंगल्याच्या अंगणात लावायला बुटकी, मोठ्या फळाची झाडं हवीत, एवढाच हेतू. जपान-चीनच्या झाडांना या बुरशीची हजारो वर्षांची सवय, त्यांचं फारसं काही बिघडत नाही. अमेरिकी झाडाने मात्र ती कधी पाहिलीच नव्हती. सालीला बारीकशी चीर असली तरी तिला पुरते. आत शिरून ती सालीखालचा जिवंत थर मारत मारत खोडाभोवती फिरते. दोरीने गळा आवळावा तसं. वेढा पूर्ण झाला की वरचं झाड वाळतं आणि सालीवर नारिंगी ठिपके उठतात. मग वारा, पाऊस, किडे, पाखरं तिचे कण पुढच्या झाडावर नेतात.

मात्र जमिनीतल्या मुळापर्यंत ती पोहोचत नाही. मातीतले इतर सूक्ष्म जीव तिला तिथे जगू देत नाहीत. म्हणून बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात. ते वाढतात, मनगटाएवढे होतात, साल तडकायला लागते आणि बुरशी पुन्हा गाठते. फळ धरण्याआधीच बहुतेक मरतात. आजींच्या घरामागे मी पाहिलं ते हेच.

पेनसिल्व्हानिया सरकार हातावर हात ठेवून बसलं नाही. १९११ मध्ये एक खास आयोग नेमला, पावणेतीन लाख डॉलर मंजूर केले. त्या काळातली ही केवढी रक्कम! माणसं रानोमाळ फिरली, रोगट झाडं तोडली, जाळली. रोग त्यांच्या पुढे पुढे पळत राहिला. १९१३ मध्ये आयोग गुंडाळला. मग सगळीकडे एकच सूर निघाला, झाड मरणारच आहे तर लाकडाचे पैसे तरी होऊ द्या. धडाधड तोड झाली. त्यात एखादं रोगाला पुरून उरणारं झाड असलं, तर तेही गेलंच असणार. निरोगी झाड तोडण्याची ही घाई मला सगळ्यात जास्त खटकली. सांगणारे शहाणेसुरते लोक होते आणि करणाऱ्यांच्या घरात पैशाची चणचण होती, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा ते मात्र कळत नाही. १९५० च्या सुमाराला जवळजवळ सगळं जंगल रिकामं झालं. दक्षिणेकडच्या डोंगरांत झाडं वाळली ती नेमकी विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत. तिशीतल्या मंदीने मजुरीही गेली. वाळकी, करडी खोडं पुढे कितीतरी वर्षं तशीच उभी होती, न कुजणारं लाकूड ना ते!

जाता जाता एक. १९१२ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या रोपा-झाडांवर बंधनं घालणारा कायदा केला, त्यामागे या रोगाचाही धडा होता. विमानतळावर 'बिया, फळं, रोपं आहेत का' असं खोदून खोदून विचारतात तेव्हा आपल्याला राग येतो. माझे लाडूसुद्धा उलटसुलट करून पाहिले होते. चेस्टनटची गोष्ट कळल्यावर तो राग बराच उतरला.

आता गंमत बघा. झाडं गेली, पण शहरातल्या माणसाला फारसं काही कळलंच नाही. नॅट किंग कोल या गायकाने गायलेलं नाताळचं एक गाणं १९४६ मध्ये आलं. त्यात विस्तवावर भाजल्या जाणाऱ्या चेस्टनटचं वर्णन आहे. आजही डिसेंबर लागला की तिथे दुकानादुकानात ते वाजतं. गाणं आलं तेव्हा त्या देशातली झाडं मेल्यात जमा होती. फळ मात्र मिळत होतं, कारण आगबोटीतून इटलीचा माल येत होता. फिलाडेल्फियात 'चेस्टनट स्ट्रीट' नावाचा मोठा रस्ता आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला ती इमारत त्याच रस्त्यावर. आपल्या वडगावात वड आणि पिंपळगावात पिंपळ उरला आहे का, ते एकदा पाहायला हवं.

म्हणजे खाणाऱ्याचं काही गेलं नाही. वेचणारीचं गेलं. डोंगरातल्या बाईच्या हातातला बुटांचा, कापडाचा पैसा गेला, डुकरांचा चारा गेला. घरातले पुरुष कोळशाच्या खाणीत आणि गिरण्यांत कामाला लागले. बाजारात वस्तू दिसत राहते, म्हणून तिचं झाड गेल्याची बोंब होत नाही, हे मला त्या सात डॉलरच्या टोपलीने दाखवलं.

आज जगात सगळ्यात जास्त चेस्टनट चीनमध्ये पिकतात, बाकीचे देश खूपच मागे. अमेरिकेतही ओहायो, मिशिगन, मिसुरी अशा राज्यांत शेतकऱ्यांनी आता बागा लावल्या आहेत, पण त्या बहुतेक चिनी किंवा संकरित झाडांच्या. चिनी झाड आंब्याच्या कलमासारखं पसरट. जंगलात शंभर फूट वर जाण्याचं काम त्याच्याकडून होत नाही.

इटलीची कथाही सरळ नाही. तिथल्या डोंगरी भागात गहू कमी पिकायचा, तेव्हा चेस्टनट वाळवून दळायचे आणि त्याच पिठावर हिवाळा काढायचा. म्हणून त्याला 'भाकरीचं झाड' म्हणत. १९३८ मध्ये ही बुरशी जिनोव्हा शहराजवळ सापडली. सगळ्यांनी आशा सोडली होती, पण १९५० च्या सुमाराला काही झाडांच्या जखमा आपोआप भरताना दिसल्या. त्या बुरशीलाच एक विषाणू लागला होता! रोगाला रोग. अमेरिकेत हाच उपाय करून पाहिला, पण तिथे बुरशीचे प्रकार फार, आणि विषाणू एका प्रकारातून दुसऱ्यात सहज जात नाही. पुढे २००२ मध्ये इटलीच्या झाडांवर आशियातूनच आलेली एक चिमुकली गांधीलमाशी पसरली, कळ्यांत गाठी करू लागली, पीक कोसळलं. तिला खाणारी दुसरी माशी जपानहून आणून २००५ पासून सोडली, तेव्हा कुठे परिस्थिती सावरली.

अमेरिकेतले लोक तरी शांत बसलेत का? १९८३ मध्ये या एका झाडासाठी एक संस्था निघाली. आपल्या हरितक्रांतीचे बोरलॉग तिच्या संस्थापक शास्त्रज्ञांत होते. संस्थेने चिनी आणि अमेरिकी झाडाचा संकर केला, मग त्या संकराला पुन्हा पुन्हा अमेरिकी झाडाशी जोडत नेलं. झाड जवळजवळ सगळं अमेरिकी राहावं आणि चिनी झाडाची प्रतिकारशक्ती तेवढी उतरावी, असा विचार. पण ती शक्ती दोन-तीन गुणसूत्रांवर नव्हे, अनेक ठिकाणी विखुरलेली निघाली. यश आलं, पण अपेक्षेपेक्षा कमी. दुसरीकडे न्यू यॉर्क राज्यातल्या विद्यापीठात विल्यम पॉवेल आणि सहकाऱ्यांनी गव्हातलं एक जनुक चेस्टनटमध्ये घातलं. बुरशी झाडाला मारते ती ऑक्झॅलिक आम्लाने, आपल्या पालकात असतं तेच. गव्हाचं जनुक ते आम्ल मोडून टाकतं. आपल्या पोळीतल्या गव्हाने त्या झाडाला वाचवावं, या कल्पनेने मला उगीचच आनंद झाला. पण २०२३ च्या डिसेंबरात कळलं की वर्षानुवर्षं तपासलेली रोपं ठरवलेल्या वाणाची नव्हतीच, प्रयोगशाळेत अदलाबदल झाली होती. शिवाय त्यांची वाढही समाधानकारक नव्हती. संस्थेने पाठिंबा काढून घेतला, विद्यापीठाने काम चालू ठेवलं. पॉवेल त्याच्या महिनाभर आधीच वारले होते. जनुक बदललेलं झाड जंगलात सोडावं का, यावर तिथेही दोन तट आहेत. आजींच्याच घरात आहेत. मुलगा विरोधात, आई बाजूने.

हे सगळं ऐकताना मला आमच्या गोंदियाकडचं चाराचं झाड आठवत होतं. चार म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते. इथे बुरशी नाही, माणसंच आहेत. बचत गटाच्या कामाला गावोगाव जाते तेव्हा बायका सांगतात, फळ पिकायची वाट पाहिली तर दुसरी कोणी नेईल, म्हणून कच्चंच ओरबाडतात, कधी फांदीच खाली घेतात. पिकलं फळ जमिनीवर पडायला उरत नाही, मग नवं रोप कुठून येणार? बासुंदीवर चारोळी पेरणाऱ्या आपल्याला एवढंच दिसतं की किलोचा भाव हजाराच्या वर गेला.

तर चेस्टनट लागतो कसा, हे सांगायचं राहिलंच. खाण्याआधी सालीवर सुरीने फुलीची चीर द्यावी लागते, नाहीतर भाजताना फटाक्यासारखा उडतो. आम्ही अर्धे भाजले, अर्धे कुकरला दोन शिट्ट्या देऊन उकडले. आतली तपकिरी सालपटी गरम असतानाच निघते, गार झाली की चिकटून बसते आणि तुरट लागते. चव रताळं आणि उकडलेला शिंगाडा यांच्या मधली, गोडसर, पिठूळ. बदाम-अक्रोडासारखा तेलकट अजिबात नाही. यात तेल अगदी थोडं, पिष्टमय भाग जास्त आणि निम्मं पाणीच. म्हणून बाहेर ठेवला की लवकर बुरसटतो, फ्रिजमध्येच ठेवावा. ग्लुटेन नसल्यामुळे ज्यांना गहू चालत नाही त्यांना पीठ उपयोगी. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "उपवासाला चालतो का गं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. जाणकारांनी ठरवावं!

एक सावधगिरी मात्र, मुली परदेशात असतील तर कळवून ठेवा. बागांमधून 'हॉर्स चेस्टनट' नावाचं दुसरंच झाड असतं, त्याचं फळ हुबेहूब असंच दिसतं आणि ते विषारी आहे. खाण्याच्या चेस्टनटला टोकाशी शेंडी असते आणि बोंडावर दाट, सुईसारखे काटे. हॉर्स चेस्टनटचं फळ गुळगुळीत, बिनशेंडीचं, बोंडावर काटे जाड आणि विरळ.

परत निघायच्या आदल्या दिवशी आजींनी चहाला बोलावलं. त्या त्या संस्थेच्या स्वयंसेविका आहेत. राज्यात इथे-तिथे एखादं झाड फुलोऱ्यापर्यंत तग धरतं. जूनच्या अखेरीला त्या आणि त्यांच्यासारखेच दहा-बारा जण शिडी घेऊन जातात, फुलांवर कागदी पिशव्या बांधतात. काही दिवसांनी पिशवी उघडून हव्या त्या झाडाचे पराग हाताने लावतात, पुन्हा पिशवी बांधतात, आणि ऑक्टोबरात बोंडं उतरवतात. काही बोंडं रिकामीच निघतात. हाती लागलेल्या बियांना रुजण्याआधी दोन-तीन महिने थंडी लागते, म्हणून त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. आजींनी दुधाच्या कॅनमागून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ओलसर भुश्यात एकवीस बिया, आकाराने दुकानातल्या इटालियन फळापेक्षा लहान. पिशवीवर झाडाचा नंबर, तारीख आणि खाली नातवंडांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'खायचे नाहीत.'